उपवासाला डाळ चालते, तूप चालत नाही

भाकरीवर कच्चं तेल आणि कारळ्याची चटणी घेताना आपण आफ्रिकेतलं काही खातोय असं कोणाच्या मनातही येत नाही. चटणी आजीच्या हातची, कारळे गावाकडचे. पण या रोपाचं शास्त्रीय नाव आहे ‘गिझोशिया ॲबिसिनिका’. ॲबिसिनिया म्हणजे आजचा इथिओपिया, आणि कारळ्याचं मूळ तिथल्याच डोंगराळ मुलखात आहे. मराठीत त्याला खुरासणी असंही नाव पडलं आणि बिचाऱ्याचा पत्ता उगीच इराणकडे वळला. इथिओपियात कारळ्याला ‘नूग’ म्हणतात. तिथे त्याचं मोठं काम असतं ते उपवासाच्या दिवशी. त्या दिवशी तूप-लोणी वर्ज्य, म्हणून स्वयंपाक तेलात होतो, आणि जुन्या चालीप्रमाणे ते तेल नूगचं.

उपवासाला तूप वर्ज्य? मराठी माणूस इथेच थबकतो.

आपलं एकादशीचं ताट आठवा. साबुदाणा, वरी, रताळं, दाण्याची आमटी, दही, दूध, वरून साजूक तूप. डाळ नाही, गहू-ज्वारी नाही, कांदा-लसूण तर नाहीच. इथिओपियातल्या ख्रिस्ती घरातलं उपवासाचं ताट याच्या बरोबर उलटं. डाळी चालतात, कडधान्यं चालतात, धान्य चालतं, कांदा-लसूण सढळ हाताने चालतो. दूध, दही, लोणी, तूप, अंडं, मांस यातलं काहीही चालत नाही. थोडक्यात, प्राण्यापासून आलेलं सगळं बंद. आपली तुपातली खिचडी तिथे उपवास मोडेल आणि त्यांची मसुराची आमटी आपल्याकडे. एवढा एक फरक पक्का डोक्यात बसला की त्या देशाचं जेवण भराभर उलगडायला लागतं.

आधी एक खुलासा. ‘आफ्रिकन जेवण’ असं काही नसतं, जसं ‘आशियाई जेवण’ नसतं. चौपन्न देशांचा खंड आहे तो. इथे लिहितोय ते फक्त इथिओपियाबद्दल, त्यातही मुख्यतः उत्तरेच्या आणि मधल्या उंच पठारांबद्दल. दक्षिणेत तर मुख्य अन्नच वेगळं आहे. तिथे ‘एन्सेत’ नावाचं केळीसारखं झाड लावतात, पण त्याचं फळ खात नाहीत. बुंध्यातला आणि गड्ड्यातला गर काढून, खड्ड्यात पुरून आंबवतात आणि त्याची ‘कोचो’ नावाची जाड भाकर करतात. पावसाळ्यात सह्याद्रीच्या कड्यांवर वर येते ती रानकेळ याच एन्सेतची भावकी.

आता उपवास किती? इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चच्या पंचांगात सगळे धरले तर वर्षाचे २५० च्या आसपास दिवस उपवासाचे निघतात. सामान्य माणसाला बंधनकारक मानलेले १८० च्या घरात. दर बुधवार आणि शुक्रवार तर आहेतच. बुधवारी येशूला पकडण्याचा कट ठरला आणि शुक्रवारी त्याला क्रूसावर दिलं, म्हणून हे वार. शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस, ऑगस्टमध्ये मेरीमातेचे पंधरा, ख्रिसमसच्या आधी चाळीसेक. फक्त ईस्टरनंतरचे ५० दिवस बुधवार-शुक्रवारची सूट असते.

नियम नुसता काय खायचं एवढाच नाही, कधी खायचं हाही आहे. मोठ्या उपवासात अनेक जण दुपारी तीनपर्यंत पाणीसुद्धा घेत नाहीत. तीनच का? बायबलमध्ये येशूने प्राण सोडला तो ‘नवव्या तासाला’. जुन्या पद्धतीत तास सूर्योदयापासून मोजायचे, म्हणजे नववा तास दुपारी तीनच्या सुमाराला येतो. आपल्याला हे हिशेब करून समजून घ्यावं लागतं. इथिओपियातल्या माणसाला नाही. तिथे घड्याळ अजूनही सूर्योदयापासूनच चालतं. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. दुपारी तीनला अदिस अबाबातल्या माणसाला वेळ विचारली तर तो सरळ ‘नऊ’ म्हणतो. आपलं पंचांगही दिवस सूर्योदयापासूनच धरतं. आपण ते भिंतीवर टांगलं आणि मनगटावर दुसरंच बांधलं, एवढंच.

वर्षातला निम्मा काळ दूध-मांस बंद असेल तर स्वयंपाकघर काय करेल? डाळींकडे वळेल. तसंच झालं. उपवासाचं म्हणून जे ताट मिळतं त्याला ‘बेयायनेतू’ म्हणतात. शब्दाचा अर्थ ‘नाना प्रकारचं’. मोठ्या गोल पोळीवर ढीगढीगाने वाढलेलं असतं: लाल तिखट मसूर, हळद घातलेली पिवळ्या वाटाण्याच्या डाळीची सौम्य आमटी, पालेभाजी, कोबी-बटाटा-गाजर, बीट. आणि मध्ये ‘शिरो’. शिरो म्हणजे भाजलेले हरभरे किंवा वाटाणे मसाल्यासकट दळून केलेलं पीठ, पाण्यात रटरट शिजवलेलं. मातीच्या भांड्यात उकळत असतानाच पुढ्यात येतं. हे वर्णन वाचून ज्याला पिठलं आठवलं नाही त्याने पिठलं खाल्लेलंच नाही.

मांसाच्या दिवशी राजा म्हणजे ‘दोरो वोत’, कोंबडीचा रस्सा. ‘वोत’ म्हणजे दाट कालवण. याचं गुपित कांद्यात आहे. बारीक चिरलेला भरपूर कांदा कोरड्या भांड्यात, तेलाचा थेंबही न घालता, मंद आचेवर परतत बसायचं. पाणी सुटतं, आटतं, पुन्हा हलवायचं. तास-दीड तासाने कांद्याचा कांदेपणा जातो आणि गडद लगदा उरतो. मग त्यात मसाल्यांबरोबर कढवलेलं तूप, ‘नितेर किब्बे’, आणि ‘बर्बेरे’. बर्बेरे हा त्यांचा कांदा-लसूण मसाला म्हणा किंवा गोडा मसाला म्हणा, घरागणिक वेगळा. सुकी मिरची, आलं, लसूण, मेथी, ओवा, कलौंजी आणि तिथली खास वेलची. ही मिरची अमेरिका खंडातली, त्यांच्याकडेही बाहेरूनच आलेली. तिखटाचा अभिमान बाळगणाऱ्या दोन्ही मुलखांचं तिखट परकं, हे मला नेहमी गमतीचं वाटतं.

रीतीप्रमाणे दोरो वोतच्या कोंबडीचे बारा तुकडे करतात आणि वर उकडलेली अंडी घालतात. ५५ दिवसांचा उपवास सुटतो तो ईस्टरच्या आदल्या रात्रीची प्रार्थना संपल्यावर, पहाटे तीनच्या सुमाराला. दोन महिन्यांनी पोटात तूप-मांस जातं ते अशा अवेळी.

आता त्या पोळीकडे वळू, कारण ताट, चमचा आणि जेवण ही तिन्ही कामं तीच करते. तिचं नाव इंजेरा. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती करड्या रंगाची, घडी घातलेली, ओलसर टॉवेलची गुंडाळीच वाटते. चव आंबट. आंबोळी खाणाऱ्याला ही ओळखीची वाटावी, पण करायला आंबोळीपेक्षा कितीतरी अवघड, आणि त्याचं कारण धान्यात आहे.

धान्याचं नाव टेफ. दाणा जेमतेम एक मिलिमीटरचा. हातातून सांडला की सापडत नाही, आणि टेफ हे नावच ‘हरवलं’ अशा अर्थाच्या शब्दावरून आलं असं तिथे सांगतात. दाणा इतका बारीक की कोंडा वेगळा काढताच येत नाही, त्यामुळे पीठ कायम अख्ख्या दाण्याचं. यात ग्लुटेन नसतं. गव्हाचं पीठ मळलं की ग्लुटेनचं जाळं होतं आणि आंबताना सुटणारा वायू त्यात अडकतो, म्हणून पाव फुगतो. टेफला असलं जाळंच नाही. मग इंजेरा स्पंजसारखी कशी होते?

इथे बायकांनी पिढ्यानपिढ्या चालवलेलं एक शास्त्र आहे. पीठ पाण्यात कालवतात आणि त्यात ‘एर्शो’ घालतात. एर्शो म्हणजे मागच्या वेळच्या आंबलेल्या पिठावर तरंगलेलं पिवळसर पाणी, जपून ठेवलेलं. आपल्या दह्याच्या विरजणासारखं. दोन-तीन दिवस पीठ आंबतं. वर आलेलं पाणी ओतून काढतात, त्यातलं थोडं पुढच्या वेळच्या एर्शोसाठी. मग खरी युक्ती. आंबलेल्या पिठातलं थोडं काढून, पाणी घालून चुलीवर दाट खळीसारखं शिजवतात. याला ‘अब्सित’ म्हणतात. कोमट झालं की हे परत मूळ पिठात. शिजलेल्या पिठातला स्टार्च चिकट होतो आणि जे काम गव्हात ग्लुटेन करतं ते इथे ही खळ करते: बुडबुडे धरून ठेवते. तासाभरात पीठ पुन्हा फसफसून वर येतं, तेव्हा समजायचं, तवा ठेवायची वेळ झाली.

तवा म्हणजे ‘मिताद’, मातीचा, दीड-दोन फूट रुंद. बाई भांडं हातात घेते, कडेपासून सुरुवात करते आणि पिठाची धार गोल गोल फिरवत मध्यापर्यंत आणते. हात थांबला की इंजेरा एका जागी जाड होते, म्हणून मनगट सारखं फिरत राहतं. क्षणभर काही होत नाही. मग पृष्ठभागावर एक टिंब दिसतं, दोन, आणि बघता बघता सगळीकडे छिद्रं पडतात. लगेच वर उंच झाकण. दोन-तीन मिनिटांत कडा सुटतात. उलटायची नाही. खालून एकाच बाजूने उष्णता, त्यामुळे वायू आणि वाफ वरच्या बाजूनेच बाहेर पडते. खालची बाजू गुळगुळीत, वरची सगळी जाळीदार. आपण जिला जाळी म्हणतो त्याला ते ‘डोळे’ म्हणतात. डोळे भरपूर आणि सारखे हवेत, कारण आमटी मुरते ती त्यातूनच. डोळे न पडलेली इंजेरा म्हणजे करणारीची फजिती. शहरात आता विजेवरचे मिताद आले आहेत. साडेतीन किलोवॅटच्या आसपास वीज घेतात, म्हणजे आपल्या गीझरपेक्षा जास्त.

आंबवण्याचा आणखी एक फायदा. धान्यातलं फायटिक आम्ल लोहासारखी खनिजं धरून ठेवतं आणि शरीराला मिळू देत नाही. आंबताना ते बऱ्याच अंशी मोडतं. नाचणीचं आंबील पौष्टिक म्हणतात त्यामागेही हेच. नाचणीसुद्धा मूळची पूर्व आफ्रिकेच्या उंच भागातलीच, तिला अम्हारिक भाषेत ‘दागुसा’ म्हणतात. ज्वारी सुदानकडची. बाजरी पश्चिम आफ्रिकेतली. आपली तिन्ही भाकऱ्यांची धान्यं हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आली आणि इतकी मुरली की आज आपण त्यांना ‘आपलं पारंपरिक अन्न’ म्हणून शहरी पिशवीत महागात विकतो. टेफ मात्र आलं नाही.

ग्लुटेन नको म्हणणाऱ्या पाश्चात्त्यांना टेफ सापडलं तेव्हा वेगळंच नाट्य झालं. नेदरलँड्समधल्या एका कंपनीने टेफच्या पिठावर आणि त्याच्या पदार्थांवर २००७ मध्ये युरोपीय पेटंट मिळवलं. ज्या देशात हे धान्य हजारो वर्षं पिकतंय त्याच्याच वाटेत कागद आडवा आला. शेवटी २०१८ मध्ये हेगच्या न्यायालयाने ते पेटंट नेदरलँड्सपुरतं रद्द ठरवलं, यात नवा शोध काहीच नाही म्हणून. आपल्याकडे हळदीच्या अमेरिकन पेटंटची लढाई डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने १९९७ मध्ये जिंकली, ती आठवावी. इथिओपियाच्या सरकारचा धसका उलट बाजूचाही होता. बाहेर मागणी वाढली तर घरच्यांना परवडणार नाही, म्हणून त्यांनी २००६ पासून टेफचा दाणा परदेशी पाठवायला बंदी घातली होती. तयार इंजेरा मात्र विमानाने जायची, जिथे जिथे त्यांची माणसं आहेत तिथे.

जेवायला बसतात ते ‘मेसोब’भोवती. मेसोब म्हणजे गवताची विणलेली, झाकणाची, कमरेइतकी टोपली, तीच मेज. एकच मोठं ताट, त्यावर इंजेरा, त्यावर सगळं. प्रत्येकाने आपल्या समोरचं खायचं, पलीकडे हात घालायचा नाही. उजव्या हाताने तुकडा तोडायचा, त्यात कालवण चिमटीत धरायचं. कोणी दारात आलं तर जेवणारे ‘एन्ब्ला’ म्हणतात, म्हणजे ‘चला, जेवूया’. आपलं ‘या जेवायला’ तसंच, फरक इतकाच की तिथे वेगळं ताट वाढावं लागत नाही, सरकून जागा करावी लागते. शेवटी तळाची इंजेरा उरते, सगळे रस प्यालेली. जाणकार पोटात तिच्यासाठी जागा ठेवतात.

आणि गुर्शा. चांगला घास करून दुसऱ्याच्या तोंडात घालायचा. आपल्याकडे लग्नात नवरा-नवरीला घास भरवायला लावतात, नाव घ्यायला लावतात, मग तो प्रकार फोटोपुरता उरतो. तिथे मोठी माणसं एकमेकांना रोजच्या जेवणात भरवतात: सासू सुनेला, मित्र मित्राला, यजमान ज्याला आज पहिल्यांदाच भेटतोय त्या पाहुण्याला. घास मोठा असतो. मान वळवणं वाईट दिसतं.

जेवणातून काय काय होऊ शकतं याची इथिओपियाची सगळ्यात मोठी गोष्ट राणी मकेदाची, म्हणजे शेबाच्या राणीची. चौदाव्या शतकात गीझ भाषेत लिहिलेल्या ‘केब्रा नेगेस्त’ या ग्रंथात ती येते. राणी शहाणपण शिकायला जेरुसलेमला राजा सॉलोमनकडे गेली. निरोपाच्या रात्री त्याने मेजवानी दिली, मुद्दाम मिऱ्यांचे, व्हिनेगरचे, तहान लागेल असे पदार्थ करून. मग तिला महालातच झोपायचा आग्रह केला. ती म्हणाली, जबरदस्ती करणार नाहीस अशी शपथ घे. तो म्हणाला, घेतो. पण तूही घे, की माझ्या घरातली कुठलीही वस्तू न विचारता घेणार नाहीस. मध्यरात्री राणीचा घसा कोरडा पडला. खोलीत पाण्याचं भांडं ठेवलेलंच होतं. तिने हात लावला आणि राजाने तो धरला. पाण्याहून मोलाचं दुसरं काय असतं, असं म्हणून त्याने शपथ मोडल्याचं तिच्या पदरात घातलं. त्यांचा मुलगा पहिला मेनेलिक. हे कोणाला नुसतं चातुर्य वाटत असेल. मला यात राजाचा लबाडपणाच दिसतो.

ही लोककथाच, पण तिचं वजन बघा. सम्राट हैले सेलासीच्या १९५५ च्या राज्यघटनेत लिहिलं होतं की राजवंश शेबाची राणी आणि सॉलोमन यांच्या पुत्रापासून, पहिल्या मेनेलिकपासून, अखंड चालत आला आहे. म्हणजे एका तिखट जेवणाची गोष्ट घटनेत कलम होऊन बसली. १९७४ मध्ये लष्कराने सम्राटाला उतरवलं आणि कलम गेलं. गोष्ट राहिली. चौकटीचौकटींत रंगवलेली ही कथा अजून चित्रांतून विकली जाते, पाण्याच्या भांड्यासकट.

सगळे इथिओपियन ख्रिस्ती नाहीत, हे सांगायला हवं. २००७ च्या जनगणनेत ऑर्थोडॉक्स ४३ टक्क्यांच्या आसपास आणि मुस्लिम ३४ टक्के. दोघेही डुकराला शिवत नाहीत, आणि रीतीने एकमेकांनी कापलेलं मांसही खात नाहीत. उपवासाच्या ताटाला मात्र कोणाचीच हरकत नसते. मराठी इतिहासात आलेला मलिक अंबर याच मुलखातून गुलाम म्हणून विकला गेला, दख्खनेत निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला आणि १६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. आपण ‘हबशी’ म्हणतो तो शब्द ‘हबेशा’वरून आला, तिथली माणसं स्वतःला आजही तेच म्हणवतात.

कॉफीचीही अशीच धर्माची भानगड आहे. काल्दी नावाच्या गुराख्याच्या शेळ्या लाल फळं खाऊन नाचायला लागल्या, ही गोष्ट प्रत्येक कॉफीच्या दुकानाच्या भिंतीवर असते. गोष्ट गोड, पण छापील रूपात ती १६७१ मध्ये रोममध्ये दिसते, आणि तिथे काल्दी हे नाव नाही. झाड मात्र खरोखरच तिथल्या नैऋत्येच्या जंगलांतलं. गंमत म्हणजे तिथल्याच चर्चने कॉफी बराच काळ मुसलमानांचं पेय म्हणून वाईट ठरवली होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, दुसऱ्या मेनेलिकच्या काळात ते सैल झालं. कॉफीला तिथे ‘बुना’ म्हणतात. अरबीत ‘बुन्न’, आणि जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना ‘बुंद’.

बुना घाईत प्यायची नसते. जमिनीवर ताजं गवत पसरतात, निखाऱ्यावर ऊद टाकतात. हिरव्या बिया धुऊन लोखंडी तव्यावर भाजतात आणि तडतडल्या की तो धुराचा तवा एकेकाच्या नाकासमोरून फिरवतात. प्रत्येकाने हाताने वास ओढून घ्यायचा. मग उखळात कुटायच्या, आणि लांब मानेच्या काळ्या मातीच्या ‘जेबेना’त उकळायच्या. सोबत लाह्या. बिनकानाच्या छोट्या कपांत, वरून बारीक धार धरून, एकही थेंब न सांडता ओततात. पहिला कप ‘अबोल’, सगळ्यात कडक. त्याच गाळात पाणी घालून पुन्हा उकळलेला दुसरा, ‘तोना’. तिसऱ्यापर्यंत तास-दीड तास गेलेला असतो, शेजारणीचा भाऊ, भाडं, भांडण सगळं बोलून झालेलं असतं आणि कपात रंगापुरतीच कॉफी उरलेली असते. या तिसऱ्याला ‘बरका’ म्हणतात, आपली बरकत तीच. तो न घेता उठलं की घरची बाई काही बोलत नाही, पण तिला ते आवडत नाही.